बांदोडे गाव की शहर? गोव्यातल्या सरकारी मापांची गोष्ट

तिसवाडी म्हणजे तीस वाड्यांचा मुलूख आणि साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचा, अशी व्युत्पत्ती आपल्याकडे सांगतात. तालुक्याच्या नावातच गावांची मोजदाद. ज्यांनी ही मोजदाद केली त्यांना गाव म्हणजे काय, असा प्रश्न पडलेला दिसत नाही. जिथं गावकरी होती, म्हणजे जिथले गावकार मिळून जमीन सांभाळत, बांध घालत, देवस्थान चालवत आणि एकत्रितपणे सारा भरत, ते गाव. माणसं किती, याला महत्त्व नव्हतं. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनीही ही व्यवस्था मोडली नाही. आफोंसो मेशियानं १५२६ मध्ये तिसवाडीतल्या गावकारांचे रीतिरिवाज लिहून काढले, तो 'फोराल' प्रसिद्ध आहे. सरकारला सारा हवा होता आणि सारा देणारी संस्था गावकरी होती, एवढा साधा हिशेब त्यामागं होता.

आता २०११च्या जनगणनेचे तक्ते उघडा. गोव्यातले ६२.१७ टक्के लोक शहरात राहतात, असं तिथं छापलंय. देशाचा आकडा ३१.१६ टक्के. म्हणजे गोवा देशाच्या दुप्पट शहरी. वर्तमानपत्रांत हा आकडा वर्षानुवर्षं फिरतोय, विद्यार्थी प्रबंधांत घेतायत, आणि 'गोव्यातली खेडी संपली' असा निष्कर्ष निघतोय. १९९१ मध्ये हाच आकडा ४१.०१ होता, २००१ मध्ये ४९.७६. वीस वर्षांत एकवीस टक्क्यांची उडी. इतकी माणसं कुठल्या शहरात जाऊन राहिली?

फारशी कुठंच नाही. बहुतेक जण होते तिथंच राहिले, त्यांच्या पायाखालच्या जमिनीचं नाव बदललं.

मी पेशानं विद्युत अभियंता. इतिहासाकडं वळलो ते चाळिशीनंतर, कुणाकडं न शिकता, कागदपत्रं वाचत वाचत. त्यामुळं एक सवय अंगात राहिलीय. कुणी आकडा सांगितला की आधी विचारायचं, कुठल्या मापानं मोजला? आमच्या धंद्यातलंच उदाहरण देतो. 'विद्युतीकरण झालेलं गाव' कशाला म्हणायचं? १९९७पर्यंत सरकारी व्याख्या अशी होती की गावाच्या महसुली हद्दीत कुठंही, कशाहीसाठी वीज वापरली गेली की झालं. शेतात एक पंप चालू असला आणि घरोघरी रॉकेलचे दिवे असले तरी ते गाव कागदावर उजळलेलं. १९९७ मध्ये सुधारणा झाली, वीज वस्तीत पोचायला हवी असं ठरलं. २००४ मध्ये पुढची अट आली. वस्तीत, दलित वस्तीतसुद्धा, ट्रान्सफॉर्मर आणि तारा हव्यात, शाळा-पंचायत-आरोग्यकेंद्रात वीज हवी आणि किमान दहा टक्के घरांत ती पोचलेली हवी. व्याख्या बदलली की एका रात्रीत शेकडो गावं यादीतून बाहेर पडतात, एकही खांब न उपटता.

'ग्रामीण' या शब्दाचंही तसंच आहे.

१९०१च्या ब्रिटिश हिंदुस्थानातल्या जनगणनेत नगराची व्याख्या होती ती अशी. नगरपालिका असेल ते नगर, छावणी असेल ते नगर, नगरपालिकेबाहेरची सिव्हिल लाइन्स असेल तर तेही नगर. याशिवाय पाच हजारांवर वस्तीचं सलग ठिकाण प्रांताच्या जनगणना अधीक्षकाला नगर वाटलं तर तेही. आणि त्यानं हे कसं ठरवायचं? लोकांचं स्वरूप बघायचं, घरांची दाटी बघायची, व्यापाराचं महत्त्व बघायचं आणि त्या ठिकाणाचा इतिहासही बघायचा. नुसतं फुगलेलं खेडं नगर म्हणून धरू नये, अशीही ताकीद होती. आपल्या मंडळींना हे वाचून बरं वाटेल, कारण एके काळी इतिहास हा नगर ठरवण्याचा एक निकष होता. अर्थात यात अधीक्षकाच्या मर्जीला भरपूर वाव होता, आणि एका प्रांताचा आकडा दुसऱ्याशी जुळायचा नाही. गोवा या जनगणनेत नव्हता, पोर्तुगीजांची शिरगणती वेगळी होती. इंदूर-बडोद्याच्या वाचकांनी आपापल्या संस्थानांचे जुने अहवाल या नजरेनं जरूर पाहावेत.

१९६१ मध्ये अशोक मित्रा महानिबंधक असताना ही मर्जी काढून टाकली गेली. देशभर एकच कसोटी आली. लोकसंख्या किमान पाच हजार, दर चौरस मैलाला किमान हजार माणसं आणि तीन चतुर्थांश कामकरी शेतीबाहेर. या चाळणीतून शेकडो जुनी 'नगरं' खाली पडली आणि पुन्हा खेडी झाली. पुढं मैलाचे किलोमीटर झाले, घनता चारशेवर आली, आणि १९८१पासून तिसरी अट 'मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती' अशी पक्की झाली. नगरपालिका, महानगरपालिका किंवा छावणी असेल तर ते 'वैधानिक नगर'. तशी संस्था नसताना या तिन्ही अटी पुऱ्या करणारं गाव म्हणजे 'जनगणना नगर'. हे दोन शब्द लक्षात ठेवा, सगळी गंमत त्यांच्यात आहे.

गोव्यात २००१ मध्ये १४ वैधानिक नगरं आणि ३० जनगणना नगरं होती. २०११ मध्ये वैधानिक नगरं तेवढीच, १४. जनगणना नगरं मात्र ५६. ती एकवीस टक्क्यांची उडी मुख्यतः इथून आली. कळंगुट, कांदोळी, शिवोली, हळदोणे, ताळगाव, सांकवाळ, आणि आमच्या अंत्रुज महालातलं कुर्टी, बांदोडे. या सगळ्या ठिकाणी ग्रामपंचायत आहे, सरपंच आहे, ग्रामसभा भरते. जनगणना खात्याच्या लेखी मात्र ती शहरं.

बांदोडे म्हटल्यावर गोव्याबाहेरच्या वाचकांना कदाचित उलगडा होणार नाही. नागेशी, रामनाथी, महालक्ष्मी ही देवळं ज्या गावात आहेत ते हे गाव. (धारबांदोडा वेगळं, ते पूर्वेला.) कुलदैवताला म्हणून मुंबई-पुण्याहून, बेळगावहून येणारी कुटुंबं ज्या तळ्याकाठी उतरतात ते शहर आहे, असं त्यांना सांगून बघा. नागेशीच्या देवळात १४१३ सालचा, विजयनगरच्या देवरायाच्या अमलातला शिलालेख आहे. त्यात या गावातल्या देवस्थानांसाठी दिलेल्या जमिनीची नोंद आहे. एका अर्थी तोही अनुदानाचाच कागद, फक्त दगडावरचा. कुठलं गाव, कुठली जमीन, कुणासाठी, हे त्यात स्पष्ट आहे. सहाशे वर्षांनंतर त्याच गावाबद्दल आपल्याकडचे तीन सरकारी कागद तीन गोष्टी सांगतात.

बांदोड्यासारखी गावं शहर कशी ठरतात ते बघू. तीन अटींपैकी दोन गोव्यात चाळणीचं काम करतच नाहीत. २०११ मध्ये अख्ख्या राज्याची घनता चौरस किलोमीटरला ३९४ होती, आणि त्यात सह्याद्रीचं जंगलही आलं. म्हणजे मधल्या पट्ट्यातलं आणि किनाऱ्यावरचं जवळपास कुठलंही गाव चारशेची अट सहज ओलांडतं. बिगरशेतीची अटही तशीच. गोव्यातला पुरुष बोटीवर, आखातात, खाणीवर, हॉटेलात, सरकारी कचेरीत. शेत आहे, पण ते लावतं कोण? भातलावणीच्या दिवसांत कुठल्याही शेतावरून जा, वाकलेल्या बायाच दिसतील. कसोटी मात्र पुरुषांचीच मोजली जाते. बाई दिवसभर चिखलात उभी आणि नवरा फोंड्याला दुकानात, तर जनगणनेच्या दृष्टीनं हे घर बिगरशेतीच्या बाजूला.

किनाऱ्यावरची कथा आणखी वेगळी. १९७१पर्यंत मासेमारी, गुरं, बागायत ही कामं या कसोटीपुरती बिगरशेतीत धरत. १९८१ आणि १९९१ला ती शेतीत टाकली. रापणकार तोच, रापण तीच, पण एका जनगणनेत तो गावाला शहराकडं ढकलणारा आणि पुढच्या जनगणनेत खेड्याकडं ओढणारा. दोन जनगणनांची तुलना करताना हे कुणी बघत नाही.

तेव्हा गोव्यात खरी चाळणी उरते ती एकच, पाच हजारांची. आणि इथं मला जी गोष्ट हाती लागली, ती इतिहासवाल्यांसाठी महत्त्वाची वाटते. पाच हजार मोजायचे ते महसुली गावात. मुक्तीनंतर १९६८च्या जमीन महसूल कायद्याखाली मोजणी झाली तरी महसुली गावांच्या सीमा बहुतांशी जुन्या गावकरीच्याच राहिल्या. काही गावकऱ्या मुळातच अवाढव्य, वाड्यांवर वाडे असलेल्या. हळदोणे घ्या, शिवोली घ्या. काही अगदी लहान. मोठ्या गावकरीचं गाव पाच हजार ओलांडतं आणि शहर होतं. शेजारची लहान गावकरी, तशीच घरं, तशीच माणसं, तोच रस्ता, पण दोन हजारांवर थांबते आणि खेडं राहते. म्हणजे एकविसाव्या शतकातलं शहरीकरण मोजताना आपण पुष्कळ प्रमाणात जुन्या गावकऱ्यांच्या सीमा मोजतोय. नकाशात निळ्या ठिपक्यांनी शहरं दाखवली की ते विकासाचं चित्र वाटतं, निम्मं चित्र सारावसुलीचं असतं.

बरं, वैधानिक नगरांचं तरी काय? ती चौदा कुठली ते बोटांवर मोजा. पणजी, म्हापसा, पेडणे, डिचोली, वाळपई, फोंडा, मडगाव, मुरगाव, केपे, सांगे, काणकोण. ही अकरा झाली, आणि २०११पर्यंतच्या अकरा तालुक्यांची ही अकरा मुख्यालयं. उरली साखळी, कुडचडे-काकोडे आणि कुंकळ्ळी. पोर्तुगीज काळात प्रत्येक कोंसेल्याला, म्हणजे तालुक्याला, एक 'काम्र' असे, नगरपालिकेसारखी संस्था, आणि ती मुख्यालयात बसे. १९६८चा नगरपालिका कायदा त्या वारशावरच उभा राहिला. म्हणून पेडणे नगर आहे. २०११ मध्ये पेडण्याची लोकसंख्या जेमतेम पाच हजार. कळंगुटची त्याच्या दुपटीहून जास्त, हॉटेलांची दाटी तर विचारूच नका, आणि तिथं ग्रामपंचायत. धारबांदोडा हा बारावा तालुका नंतर झाला, तिथल्या मुख्यालयाला नगरपालिका मिळाली नाही. पोर्तुगीज गेल्यावर तो वारसाही थांबला.

हे सगळं यादीपुरतं असतं तर एवढा लेख लिहिलाच नसता. पण या शब्दांमागं पैसा आणि हक्क चालतात, आणि प्रत्येक तिजोरीची स्वतःची व्याख्या आहे.

२००५च्या रोजगार हमी कायद्यानं 'ग्रामीण क्षेत्र' म्हणजे नागरी स्थानिक संस्था किंवा छावणी मंडळाखाली नसलेलं कुठलंही क्षेत्र, असं ठरवलं. जनगणना काय म्हणते याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून कळंगुटचा माणूस कायद्यानं ग्रामीण आणि पेडण्याचा शहरी. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६साठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी आणि नागरी संस्थांना १,२१,०५५ कोटी रुपये सुचवले. तो पैसाही कागदावर पंचायत आहे की नगरपालिका हेच बघून जातो. रिझर्व्ह बँक तिसऱ्या मापानं चालते. दहा हजारांच्या आतलं केंद्र ग्रामीण, त्यापुढं एक लाखापर्यंत निमशहरी. तिथं पंचायत असो की पालिका, पुरुष शेतात जावोत की कचेरीत, बँकेला कर्तव्य नाही. आयकर खात्याचं माप तर अभियंत्याला आवडेल असंच. शेतजमीन विकली आणि ती ग्रामीण असली तर भांडवली नफ्यावरचा कर नाही. ग्रामीण म्हणजे दहा हजारांवर वस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीत नसलेली, आणि त्या नगराच्या वस्तीप्रमाणं हद्दीपासून दोन, सहा किंवा आठ किलोमीटरच्या पलीकडची. हे अंतर रस्त्यानं मोजायचं की सरळ रेषेत, यावर वर्षानुवर्षं वाद चालले. २०१३च्या वित्त कायद्यानं हवाई अंतर असं लिहून टाकलं. म्हणजे फोंडा पालिकेच्या हद्दीला लागून असलेल्या कुर्टीतलं शेत रोजगार हमीला ग्रामीण, जनगणनेला शहरी, आणि आयकराला शहरी की ग्रामीण हे नकाशावर कंपास ठेवल्यावर कळणार.

पण या सगळ्यांत मला सर्वांत बोलकं वाटतं ते मुंडकारांचं माप. भाटकाराच्या जमिनीत घर बांधून पिढ्यान्‌पिढ्या राहणारा तो मुंडकार, हे गोव्याबाहेरच्यांसाठी. १९७५च्या मुंडकार कायद्यानं त्याला घरातून काढण्यापासून संरक्षण दिलं आणि पुढं घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्कही दिला. किती जमीन? घर पंचायत क्षेत्रात असेल तर भिंतीपासून पाच मीटरपर्यंत किंवा घर धरून ३०० चौरस मीटर. इतरत्र असेल तर दोन मीटर किंवा २०० चौरस मीटर. दोन्हींपैकी मुंडकाराच्या फायद्याचं असेल ते. पाच मीटरमध्ये विहीर येते, गोठा येतो, माडाची दोन झाडं येतात, मुलाचं लग्न झाल्यावर वाढवायची एक खोली येते. दोन मीटरमध्ये पागोळ्यांचं पाणी पडतं. काम्र कुठल्या ठिकाणी बसत असे, यावरून पेडण्याच्या मुंडकाराला एक माप आणि कळंगुटच्या मुंडकाराला दुसरं. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. शहरात जागा कमी, म्हणून माप कमी. पण 'शहर' या शब्दाच्या जागी त्यांनी जी ओळ आखली ती जुन्या प्रशासनाची होती.

म्हणून गावाचं शहर करा असं वरून कुणी म्हटलं की खालून विरोध होतो, याचं मला नवल वाटत नाही. २०१६ मध्ये केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं राज्यांना पत्र लिहून जनगणना नगरांना वैधानिक दर्जा द्या, असं सांगितलं. कारण सरळ होतं, शहर वाढतंय आणि गटारं, कचरा, आराखडा बघायला पालिका नाही. ते खोटं नाही. कळंगुटच्या कचऱ्याचा भार एका ग्रामपंचायतीनं पेलावा ही अपेक्षा अवाजवीच आहे. पण पालिका झाली की घरपट्टी बदलते, ग्रामीण योजना जातात, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे ग्रामसभा जाते. पालिकेत नगरसेवक असतात, ग्रामसभा नसते. गोव्यातल्या माणसानं खाणी, मेगा-प्रकल्प, आराखडे यांच्याशी जे भांडण मांडलं ते ग्रामसभेच्या ठरावांतून. २०१८ मध्ये ग्रेटर पणजी नियोजन क्षेत्रात घालण्याला सांतआंद्रे आणि सांताक्रुझ भागातल्या गावांनी जो विरोध केला, त्यामागंही हीच भीती होती. 'आमका गांवच जाय' हे वाक्य भावनेचं वाटतं, पण बोलणाऱ्याला त्यातला हिशेबही ठाऊक असतो.

उलट दिशेचं उदाहरणही आहे, आणि ते थेट सरकारनंच केलेलं. तामिळनाडूनं २००४ मध्ये आपल्या साडेपाचशेहून अधिक नगर पंचायती एका आदेशानं 'विशेष ग्रामपंचायती' करून टाकल्या. हेतू उघड होता, केंद्राच्या ग्रामीण योजनांचा पैसा. २००६ मध्ये सरकार बदललं आणि त्या पुन्हा नगर पंचायती झाल्या. दोन वर्षं लाखो लोक खेडूत होते. त्या दोन वर्षांत भाताचं एक जास्तीचं खाचर तरी कुणी लावलं असेल का?

राज्यघटनेला या घोळाची जाणीव असावी. ७३व्या दुरुस्तीतली गावाची व्याख्या वाचून बघा. राज्यपालांनी अधिसूचनेनं गाव म्हणून जाहीर केलं ते गाव. ७४व्या दुरुस्तीतही तसंच, लोकसंख्या, घनता, महसूल, बिगरशेती रोजगार हे सगळं लक्षात घेऊन राज्यपाल ठरवतील ते नगर. मला हे प्रामाणिक वाटतं. बेळगावच्या मंडळींना पाटसकर तत्त्वातलं 'खेडं हा घटक' पाठच आहे. तिथंही खेडं म्हणजे जनगणनेतलं खेडं, आणि तो घटक कुणी आखला हा प्रश्न मागं उरतोच.

स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांना माझी विनंती एवढीच की गोव्याच्या शहरीकरणाची टक्केवारी देताना वैधानिक आणि जनगणना नगरांची लोकसंख्या वेगवेगळी द्यावी, आणि फोंडा तालुक्याचे जुने-नवे आकडे लावताना हा तालुका जानेवारी २०१५ मध्ये उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला हे विसरू नये. जिल्हावार तक्ते त्यामुळं सरळ जुळत नाहीत.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्याआधी अंत्रुज महालातल्या प्रत्येक गावाचा एक तक्ता करायला मी घेतलाय. मूळ गावकरी कोणती, महसुली गाव कोणतं, पंचायत कोणती (कुर्टी-खांडेपारसारख्या ठिकाणी एका पंचायतीत दोन महसुली गावं येतात), आणि १९७१पासूनच्या प्रत्येक जनगणनेत ते खेडं होतं की नगर. १९९१नंतरचे रकाने भरत आलेत. १९७१ आणि १९८१च्या जिल्हा जनगणना पुस्तिका, किंवा १९६२च्या पंचायत अधिनियमाखाली निघालेल्या पहिल्या पंचायतींच्या हद्दींची राजपत्रं कुणाच्या घरी, देवस्थानाच्या दप्तरात किंवा वाचनालयात असतील तर मंडळाला कळवावं. झेरॉक्स नको, मोबाइलवर काढलेला स्वच्छ फोटो पुरे. हद्दीच्या वर्णनाचं पान तेवढं सुटू देऊ नका.